तार ज्याची, त्याचीच वाहिनी?

नाशिकच्या स्थानिक केबलवाहिन्या मोबाइलने संपवल्या, असं सर्रास म्हटलं जातं. लोकांनी टीव्हीकडे पाठ फिरवली, बातमी फोनवर येऊ लागली, गावची वाहिनी मागे पडली. यात दोष कुणाचाच नाही, बाजाराने निकाल दिला, असा हा युक्तिवाद. बाजार मोकळा होता, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. तो मोकळा नव्हता. प्रेक्षकापर्यंत जाणारी तार या वाहिनीच्या हातात नव्हती, तारेच्या मिळकतीत तिला वाटा नव्हता, आणि नियमानेही तिला एकाच तारेला बांधून टाकलं. ती खंगली ती यामुळे. गरज संपली असं म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यातला एखादा दिवस आठवून पाहावा. गंगापूर धरणातून गोदावरीत विसर्ग वाढतो, रामकुंडावरची छोटी मंदिरं पाण्यात जातात आणि सारं शहर एकच प्रश्न विचारतं : पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? नदीपात्रातली ही मूर्ती म्हणजे नाशिकची पिढ्यान्‌पिढ्यांची पूरमोजणी आहे. मुंबईची वृत्तवाहिनी तो मारुती अर्धा मिनिट दाखवते आणि पुढे जाते. भांडीबाजारातल्या दुकानदाराला मात्र माल कधी हलवायचा हे हवं असतं, सराफ बाजारात पाणी शिरायला किती अवकाश आहे आणि कोणता पूल बंद झाला हे हवं असतं. पूर ओसरल्यावरही ही गरज ओसरत नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि नंतर वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सभागृहात प्रश्न विचारणारा नगरसेवकच नसताना शहराला स्वतःच्या कॅमेऱ्याची गरज कमी झाली नाही, वाढली.

आता तारेकडे वळू. नव्वदच्या दशकात गल्लीतल्या तरुणांनी गच्चीवरून गच्चीवर तारा टाकल्या तेव्हा केबलवाला हाच आपल्या भागाचा मालक होता आणि गावची वाहिनी दाखवायची की नाही हे तोच ठरवत होता. डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत नाशिक होतं. ३१ मार्च २०१३ ही त्याची मुदत होती. त्यानंतर सिग्नल एमएसओच्या, म्हणजे केबलचालकांना वाहिन्या पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या, नियंत्रण कक्षातून कुलूपबंद होऊन येऊ लागला आणि सेट टॉप बॉक्सवर कोणती वाहिनी कोणत्या क्रमांकावर दिसेल, हा निर्णय गल्लीतून निघून गेला. तो गेला कुठे? हॅथवे या एमएसओच्या कंपन्यांत ‘हॅथवे नाशिक केबल नेटवर्क प्रायव्हेट लिमिटेड’ हे नाव आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवेतला ५१ टक्क्यांहून अधिक हिस्सा २,९४० कोटी रुपयांना आणि डेन या दुसऱ्या एमएसओतला ६६ टक्के हिस्सा २,२९० कोटींना घेण्याचे करार जाहीर केले. ‘कलर्स मराठी’ ही वाहिनी याच समूहाची होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये या समूहाच्या नियंत्रणाखालच्या जिओस्टार कंपनीची स्थापना झाल्यावर ‘स्टार प्रवाह’ही त्याच छत्राखाली आली. यात बेकायदेशीर काही नाही आणि माझा कुणा एका कंपनीवर आरोपही नाही. आक्षेप रचनेवर आहे. जो वाहिन्या बनवतो तोच दुसऱ्यांच्या वाहिन्या वाहून नेणाऱ्या तारेचाही मालक असेल, तर त्या तारेवर गावच्या वाहिनीला जागा मिळते ती हक्काने नव्हे, मेहेरबानीने.

पैशाची वाटही तशीच आहे. फेब्रुवारी २०१९ पासून नवी दररचना आली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हा त्या वेळचा कमाल दर. या रकमेत एमएसओ आणि स्थानिक केबलचालक यांच्यात करार जुळला नाही, तर वाटणी ५५ आणि ४५ टक्के अशी ठरलेली. सशुल्क वाहिन्यांना त्यांची किंमत वेगळी मिळते. नाशिकची बातमी नाशिककराला दाखवणाऱ्याच्या वाट्याला या बिलातला एक पैसाही कायद्याने येत नाही. देशभरच्या पन्नास-साठ हजार घरांतल्या मीटरवर चालणाऱ्या, प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कच्या मोजणीत एका शहरापुरता प्रेक्षक ठळकपणे दिसणंही अवघड, म्हणून मोठा जाहिरातदार फिरकत नाही. मग उरतात साडीचं दुकान, क्लासेस, बिल्डर आणि नेत्यांचे वाढदिवस.

पण सगळ्यात घट्ट गाठ आहे ती नियमातली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांसाठी, सरकारी भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’साठी, मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणी शुल्क वाहिनीमागे अवघं एक हजार रुपये. दार उघडं वाटतं, पण ही नोंदणी एमएसओच्या नावावर होते, बातमीदाराच्या नव्हे. आणि या वाहिनीवरचा मजकूर त्याच जाळ्यापुरता राखीव. दुसऱ्या केबल कंपनीला तो देता येत नाही. म्हणजे एकाच शहरात दोन कंपन्यांच्या तारा असतील, तर गावच्या वाहिनीने अर्धं गाव सोडून द्यायचं. याला एक सवलत आहे : धार्मिक स्थळांवरून होणारं थेट प्रक्षेपण एकमेकांना देता येतं. त्र्यंबकेश्वरची पूजा दोन्ही तारांवर चालते, गोदावरीचा पूर मात्र एकाच तारेवर. या बंधनाचं समर्थन असं केलं जातं की, ते काढलं तर परवाना न घेताच कुणीही उपग्रह वाहिनी चालवल्यासारखं होईल. भीती खोटी नाही, पण तिच्यावर जिल्ह्याची हद्द हा उपाय आहे. याच सूचनांनी जिल्हा पातळीवरच्या वाहिन्यांसाठी वेगळी संख्या ठेवलीच आहे. त्या हद्दीत मजकूर सर्व तारांवर जाऊ द्यायला अडचण कसली?

यूट्यूब आहे ना, असं कुणी म्हणेल. यूट्यूब नेहमीच्या लांबीच्या व्हिडिओंवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला देतं, केबलपेक्षा हा व्यवहार उदार दिसतो. पण तिथे मोल प्रेक्षकसंख्येला आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. शहरातल्या सिडको भागाच्या पाणीपुरवठ्याची बातमी सिडकोबाहेर कोण पाहणार? पोट भरायचं तर त्याच बातमीदाराला देशभर चालेल असा तमाशा शोधावा लागतो आणि नाशिकची वाहिनी नाशिकपासून दूर जाते. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : या वाहिन्या शुभेच्छांच्या पट्ट्या आणि खंडणीवरच जगत होत्या, गेल्या तर बरं झालं. काहींचा हा व्यवहार होता, हे मान्य केलंच पाहिजे. पण २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा बोभाटा झाला तो मोठ्या वृत्तपत्रांवरून. रोग आकाराचा नाही, उत्पन्नाचा आहे. ज्याच्याविरुद्ध बातमी द्यायची त्याच्याच जाहिरातीवर जगावं लागलं, तर थोरही वाकतात आणि लहानही.

म्हणून मागणी अशी आहे. प्रत्येक जिल्ह्यात एमएसओपासून आणि राजकीय पक्षांपासून स्वतंत्र मालकीची किमान एक स्थानिक वृत्तवाहिनी सर्व तारांवर दाखवणं सक्तीचं करावं, तिचे मालक पडद्यावर जाहीर असावेत आणि ग्राहकाच्या बिलातला जोडणीमागे दरमहा एक रुपया तिला मिळावा. एक लाख जोडण्या धरल्या तर वर्षाला बारा लाख होतात. चार बातमीदारांच्या पगाराची ती सुरुवात आहे. ही खासगी मालमत्तेवर गदा आहे, असं म्हणणाऱ्यांनी केबल कायद्याचं आठवं कलम वाचावं : दूरदर्शनच्या ठराविक वाहिन्या दाखवणं १९९५ पासून बंधनकारक आहेच. शिवाय ही तार नाशिककरांच्या रस्त्यांवरून, त्यांच्याच विजेच्या खांबांवरून जाते. राजकीय पक्षांनी आणि सरकारांनी प्रसारण व वितरणात उतरू नये, ही तर ट्राय या सरकारी नियामकाचीच ऑगस्ट २०१४ ची शिफारस आहे. मालकी एकवटल्याशिवाय धंदा टिकत नाही, हा समज केरळने खोटा ठरवला. तिथल्या छोट्या केबलचालकांनी एकत्र येऊन ‘केरळ व्हिजन’ उभं केलं आणि आज ते राज्यातलं एक मोठं जाळं आहे. नाशिकला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’ या शेतकरी कंपनीत शेतकरीच भागधारक आहेत. वाहिनीसाठी कंपनी हवी असेल, तर केबलचालक, बातमीदार आणि ग्राहक यांच्या भागभांडवलावर ती उभी राहू शकते. मंत्रालयाने आपल्या सूचनांत मंदिरांच्या सवलतीशेजारी ‘जिल्ह्याच्या बातम्या’ एवढे दोन शब्द घालावेत, आणि ते २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी घालावेत.