पोलिओमुक्तीचा अर्धा ताळेबंद

नैसर्गिक पोलिओ-विषाणूचा भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला प्रदेश पोलिओमुक्त ठरविला. हे यश दारोदार हिंडून थेंब पाजणाऱ्या सेविकांचे, म्हणजेच सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे आहे. खाजगीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी ते विसरू नये. परंतु विषाणू हटला म्हणजे पोलिओ संपला काय?

दूषित पाण्यावाटे हा विषाणू आतड्यात शिरतो आणि बाधितांपैकी दोनशेत एखाद्याच्या मज्जारज्जूतील चालक पेशी मारतो. मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. लस १९५५ साली निघाली. आपले सार्वत्रिक लसीकरण १९८५ साली आणि पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली. या चार दशकांत जी मुले लुळी पडली, ती दैवाने नव्हे, राज्यसंस्थेच्या दिरंगाईने पडली. आज ती चाळिशी-साठीत आहेत. पेण-रोह्याच्या भातखाचरांत, वीटभट्ट्यांवर, कातकरी वाड्यांत ज्याचे पोट अंगमेहनतीवर चालते, त्याचा पाय जाणे म्हणजे भांडवल जाणे होय. त्यात दशकांनंतर उरलेले स्नायूही दुबळे होऊ लागतात, हे वैद्यकशास्त्र सांगते.

या देण्याची परतफेड शासन कशी करते? केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाचा वाटा २०१२ पासून दरमहा ३०० रुपयेच आहे. तोही दारिद्र्यरेषेखालील, ८० टक्के अपंगत्व सिद्ध करणाऱ्यालाच. राज्य आपली भर घालते, हे खरे. पण त्याने केंद्राची कंजुषी झाकत नाही. महागाई वाढते, हा आकडा हलत नाही!

आणि ज्या घाणीतून विषाणू पसरला, तिचे काय? हेटवणे धरण पेण तालुक्यात. त्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि खारेपाटातील गावे टँकरची वाट पाहतात. थेंब स्वस्त पडतात, नळ महाग पडतो. म्हणून थेंब मिळाले, नळ राहिला.

पोलिओग्रस्तांना दया नको, हिशेब हवा. केंद्राचे निवृत्तिवेतन महागाई निर्देशांकाशी जोडा. पेण व रोह्याच्या शासकीय रुग्णालयांत व्यायामोपचार आणि कॅलिपरची दुरुस्ती नियमित व मोफत करा. खारेपाटाला धरणाच्या पाण्याचा पहिला हक्क द्या. विषाणू हटल्याचा उत्सव ज्यांनी साजरा केला, त्यांनी त्याने मागे ठेवलेले देणेही फेडले पाहिजे.