पिन कुणालाही सांगू नका

परवा मामाचा फोन आला. "अरे, एक काम होतं. विजेचं बिल भरायचंय."

मला आश्चर्य वाटलं. गेली चार वर्षं मामा आपलं बिल आपणच भरतो, तेही मोबाईलवरून. मग कळलं की त्याच्या बँकेचं अ‍ॅप नवीन झालंय. "छान झालंय म्हणे," मामा म्हणाला, "पण मला काही ऐकूच येत नाहीये."

मामा फोन कानाने वाचतो. काचबिंदूने त्याची नजर आधी कडेकडेने गेली आणि निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांत उरलीसुरलीही संपली. त्याच्याच एका अंध मित्राने त्याला फोन शिकवला. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. ती सुरू केली की पडद्यावर बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल त्याचं नाव फोन सांगतो. हवं ते सापडलं की दोनदा टकटक करायची. एवढंच. मामा हे इतक्या वेगात करतो की ते बोलणं मला कळतही नाही, नुसती किरकिर ऐकू येते. त्याला मात्र सगळं समजतं. पेपर, व्हॉट्सअ‍ॅप, मित्रांशी वाद, सगळं त्यावरच. हातातली नोट किती रुपयांची आहे हेसुद्धा तो रिझर्व्ह बँकेच्या 'मनी' अ‍ॅपला विचारतो. ते 2020 साली आलं.

गंमत अशी की गुळगुळीत काचेचे फोन आले तेव्हा आता अंधांचं कसं होणार, अशी धास्ती होती. नोकियाच्या जुन्या फोनला निदान बटणं तरी होती. वेगळं सॉफ्टवेअर घालून ते फोन बोलतेही करता यायचे. 2009 साली आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आलं, त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक आलं, आणि ज्या काचेची भीती होती तीच बोलायला लागली. वेगळं यंत्र नको, वेगळे पैसे नकोत. सगळ्यांच्या खिशात असतो तोच फोन.

पण फोन बोलतो तो आपल्याजवळ शब्द असेल तरच. चित्राचं बटण असेल तर ते कशाचं आहे हे अ‍ॅप बनवणाऱ्याने आत लिहून ठेवावं लागतं. नाही लिहिलं, तर मामाला ऐकू येतं, "अनलेबल्ड, बटण." पुढे सरकलं की पुन्हा, "अनलेबल्ड, बटण." नव्या अ‍ॅपमध्ये हेच झालं होतं. पिन टाकायचे आकडे तर अगदीच मुके. बिलाची शेवटची तारीख होती, म्हणून मामाने शेजारच्या मुलाला बोलावलं आणि पिन सांगितला. मुलगा सज्जन आहे, बिल भरून गेला. संध्याकाळी बँकेचा मेसेज आला आणि फोनने तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला: आपला पिन कुणालाही सांगू नका.

"मग टाकू कसा?" मामा हसून म्हणाला. नंतर जरा थांबून म्हणाला, "मदतीला माणसं पुष्कळ आहेत रे. पण माझ्या खात्यात किती पैसे आहेत ते आता त्या पोराला माहीत झालंय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण मी स्वतः अ‍ॅप बनवण्याचंच काम करतो. त्या रात्री मी टॉकबॅक सुरू केलं, डोळे मिटले आणि आमचंच अ‍ॅप उघडलं. पहिल्या पानावर सात बटणं, त्यातली पाच अनलेबल्ड. त्यातली दोन मी स्वतः केलेली.

यात कुणाचा दुष्टपणा नसतो. बटणाला नाव देणं म्हणजे एका ओळीचं काम. पण ती ओळ पडद्यावर दिसत नाही, म्हणून ती नसल्याचंही कुणाला दिसत नाही. तपासणारे सगळे डोळस. असं तपासून देणारं अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर गुगल फुकट देतं. आम्ही ते कधी उघडलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात विषय काढला. पहिला प्रश्न आला, "असे किती लोक आपलं अ‍ॅप वापरतात?" अहो, दारातूनच परत गेलेला माणूस तुमच्या मोजणीत येणार कसा? 2011 च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या 50 लाखांहून जास्त लोकांची नोंद आहे. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. पडदा वाचण्याची परवानगी मिळवून चोर पैसे लुटतात, हे खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणून पिनचे आकडेच मुके केले, तर अंध माणूस तो पिन तिसऱ्याला सांगणार. यापेक्षा मोठी असुरक्षितता कोणती? इअरफोन लावला की फोनचं बोलणं दुसऱ्या कुणाला ऐकूही जात नाही.

कायदा 2016 चा आहे. 30 एप्रिल 2025 ला तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात, ती जमत नाही म्हणून अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या माणसांना आणि एका अंध नागरिकाला कोर्टात जावं लागलं होतं. न्यायालयाने 20 निर्देश दिले. चांगलंच झालं. पण बटणाला नाव द्यायला कोर्टाने सांगावं लागावं, हे आमच्या धंद्याला शोभत नाही.

आपण या विषयावर बोलायला लागलो की लगेच दया, सेवा, माणुसकी असे शब्द येतात. मामाला यातलं काही नकोय. त्याला आपलं बिल आपण भरायचंय आणि आपली शिल्लक आपल्यापुरती ठेवायचीय. तुम्हाआम्हाला हे इतकं सहज मिळतं की त्याला काही नाव असतं हेही आपण विसरतो.

आमच्या अ‍ॅपमधल्या पाचही बटणांना नावं दिली. अर्धा तास लागला. मामाच्या बँकेकडे तक्रार केली आहे, उत्तराची वाट बघतोय. तोवर रविवारी त्याच्याकडे जाऊन पिन बदलून आलो. आकडे अजून मुकेच, म्हणून मामाने सांगितले आणि मी टाकले.

म्हणजे नवा पिनही आता दोघांना माहीत आहे.