गलबल्यातील अक्षरे

आपल्या निवासी शाळांत शांततेला मोठा मान आहे. सकाळची वंदना, ध्यान, अभ्यासिकेतील स्तब्धता यांचे मोल मी जाणतो. परंतु पहिली-दुसरीच्या बाबतीत शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग, हे समीकरण मला मान्य नाही. त्रिशरण-पंचशीलसुद्धा ही मुले अर्थ कळण्याआधी कानानेच उचलतात.

भोजनगृहात वाढप होण्यापूर्वी पाहावे. एखादा मुलगा पालथ्या ताटावर बोटांनी ठेका धरतो, शेजारचा पेल्याने त्याला उत्तर देतो, तिसरा चुकतो आणि सारे हसतात. आपण दटावतो. वस्तुतः ऐकणे, ध्यानात ठेवणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हे सारे तेथे चाललेले असते. त्याहून नवलाची ती ‘च’ची भाषा! मोठ्यांना कळू नये म्हणून मुली ‘कमल’चे ‘चमलक’ करतात. पहिले अक्षर सुटे काढून शेवटी लावायचे, त्याच्या जागी ‘च’ बसवायचा, आणि तेही बोलण्याच्या ओघात. जिला हे साधते तिला शब्द अक्षरांचा बनतो, हे फळ्यावर निराळे काय समजावायचे? गाण्यांच्या भेंड्यांतही कान शेवटचे अक्षर नेमके टिपतो. वाचनाची पूर्वतयारी ती हीच.

मारिया माँटेसोरी यांनी आवाजाच्या जोड्या जुळविण्यासाठी डब्या तयार केल्या. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. आपल्यालाही रिकाम्या डब्यांत ज्वारी, वाळू, चिंचोके भरले तरी पुरे.

एक अडचण मात्र आपल्याच घरातील आहे. हलगीवर थाप पडली की आपल्या ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडते. ती अकारण नाही. गावकीने हे वाजविणे पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या गळ्यात अडकविले होते. ते उतरविणे हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. तथापि भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार गाण्याबजावण्यातूनच लोकांपर्यंत नेला, हेही आपणच अभिमानाने सांगतो. सहा वर्षांच्या मुलाने आपणहून हलगी मागितली, तर ती त्याच्यावर कोणी लादलेली नसते.

येत्या वर्षीच्या वेळापत्रकात या मुलांसाठी रोज अर्धा तास राखावा. शिक्षकांनीही त्यांच्यात बसावे, आणि कृपा करून त्याची परीक्षा घेऊ नये. गलबला होईल. शेजारच्या सातवीच्या वर्गाने तेवढा वेळ खिडकी लावून घ्यावी.