आकडी, मेंदूचं जाळं आणि संगणक

रिश्त्याची बोलणी सुरू झाली की काही घरांत एक गोष्ट दडवली जाते: मुलीला येणारी आकडी. कुणी तिला मिरगी म्हणतं, कुणी फेफरं, कुणी ‘असर’. इब्न सिना यांनी हजार वर्षांपूर्वी ‘अल-कानून’मध्ये हा आजार मेंदूच्या विकारांत घेतला. तरी आजही डॉक्टरांआधी आमिलाचं दार गाठलं जातं.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. विजेच्या सूक्ष्म संदेशांनी त्या एकमेकींशी जोडलेल्या असतात. पुष्कळ पेशी एकदम, एकाच लयीत संदेश सोडू लागल्या की आकडी येते. जिवंत माणसाचा मेंदू उघडून हे पाहत बसता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ पेशींचं वागणं गणितात मांडतात आणि संगणकावर चालवून पाहतात. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये या गणिताचा पाया घातला.

अहिल्यानगरहून सुमारे १२० किलोमीटरवर, पुण्याच्या पाषाणमधील ‘आयसर’ संस्थेत डॉ. सुहिता नाडकर्णी आणि डॉ. कॉलिन्स असिसी याच क्षेत्रात संशोधन करतात. नाडकर्णी यांनी पीटर युंग यांच्यासह २००३ मध्ये एक प्रारूप मांडलं. चेतापेशीशेजारच्या ताराकृती पेशी गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देऊ लागल्या, तर बाहेरचा संदेश थांबल्यावरही चेतापेशी आपोआप संदेश सोडत राहू शकते, असं त्यातून दिसलं. फ्रान्समध्ये रुग्णाच्या एमआरआयवरून त्याच्या मेंदूचं संगणकीय प्रारूप बनवतात. शस्त्रक्रिया नेमकी कुठे करावी हे ठरवायला त्याची मदत होते का, याची चाचणी तिथे २०१९ मध्ये सुरू झाली.

हे तंत्र आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात आज नाही. पण गोळ्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, योग्य उपचार मिळाले तर दहापैकी सात रुग्णांची आकडी थांबू शकते. मात्र गोळ्या मनाने बंद करू नका. रमजानचे रोजे ठेवण्याआधी डोसच्या वेळा डॉक्टरांना विचारा.

आकडी आल्यास रुग्णाला कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर तडक रुग्णालय गाठा.

आणि रिश्ता ठरवताना आजार सांगा. लपवलेल्या आजाराच्या गोळ्या सासरी चोरून घ्याव्या लागतात, मग चुकतात. काही गोळ्या पोटातल्या बाळाला अपायकारक असतात. त्या आधीच बदलून घ्याव्या लागतात. दडवलेला आजार डॉक्टरांपर्यंत वेळेत पोहोचणार कसा?