वॉचमन कुणावर नजर ठेवतो?

विद्यापीठाला उंच कंपाउंड पाहिजे, कॅमेरे पाहिजेत, दांडकेवाला वॉचमन पाहिजे. का? तर शेजारी झोपडपट्टी आहे, म्हणे! गुन्हा आमच्याच गल्लीतून उठून आत जातो, हे या शहाण्यांनी आधीच ठरवलेलं.

मग चर्नी रोडचं काय? सरकारी वसतिगृह, नाव सावित्रीबाईंचं. ६ जून २०२३ ला चौथ्या मजल्यावर पोरीचं प्रेत सापडलं. बलात्कार, खून. संशय तिथंच राबणाऱ्या, राखण करणाऱ्या माणसावर. त्यानं रेल्वेखाली जीव दिला, खटला संपला. पण सुट्टीत रिकाम्या पडलेल्या मजल्यावर पोर एकटी कुणाच्या भरवशावर होती? साहेब गप्प.

हैदराबादला डिसेंबर २०१५ मध्ये आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच पोरांना वसतिगृहातून हाकललं. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. गेटवर वॉचमन होताच की! नायरच्या वसतिगृहात २२ मे २०१९ ला पायल तडवी गेली. आरोप तिच्याच वरिष्ठ डॉक्टरणींवर. कुठली झोपडपट्टी चालून आली होती तिथं?

दोस्तहो, यूजीसीच्या २०१२ च्या नियमांत प्रत्येक कॉलेजात भेदभावविरोधी अधिकारी नेमायचं लिहिलंय. तुमच्या कॉलेजात तो कुठल्या खोलीत बसतो? सोमवारी चौघंजण जा, प्राचार्यांना विचारा. उत्तर लेखीच घ्या.