पुतिन यांचे भाषण आणि बुर्यातियातील बौद्ध घरे

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी व्लादिमीर पुतिन यांनी रशियन संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर वार्षिक भाषण केले. युक्रेनवर हल्ला केला त्या २०२२ साली हे भाषण झालेच नव्हते. जगभर बातमी गाजली ती अमेरिकेसोबतचा 'न्यू स्टार्ट' अण्वस्त्र करार स्थगित केल्याची. आम्ही थांबलो ते दुसऱ्याच घोषणेवर. मृत सैनिकांच्या कुटुंबांसाठी आणि परतलेल्या सैनिकांसाठी सरकारी निधी, शिवाय प्रत्येक कुटुंबामागे एक समाजसेवक.

सामाजिक काम करणारे आम्ही या योजनेला वाईट कसे म्हणणार? पण सभागृहाने उभे राहून मृतांना आदरांजली वाहिली आणि रशियाचे सैनिक किती मेले, हा आकडा भाषणात आलाच नाही.

ही कुटुंबे कुठली, असे विचारले की विषय आपल्या दारात येतो. बुर्यातिया, तुवा आणि काल्मिकिया ही रशियातली बौद्ध परंपरेची प्रजासत्ताके. स्वतंत्र पत्रकारांनी मृत्युवार्तांमधून एकेक नाव गोळा करून मोजणी केली, तेव्हा लोकसंख्येच्या मानाने बुर्यातिया आणि तुवातले मृत्यू मॉस्कोच्या कितीतरी पट निघाले. गावात रोजगार नाही आणि लष्करी कंत्राटाचा पगार तिथल्या कमाईच्या अनेक पट. तरुण जाणार कुठे? सप्टेंबर २०२२ मध्ये सक्तीची भरती जाहीर झाली, तेव्हा अनेक बुर्यात तरुणांनी सीमा ओलांडून मंगोलिया गाठला.

आणि धम्मगुरू? बुर्यातियातील प्रमुख लामा दाम्बा आयुशेयेव यांनी युद्धाला पाठिंबा दिला. काल्मिकियाचे प्रमुख लामा तेलो तुल्कु रिनपोचे यांनी युक्रेनची बाजू बरोबर असल्याचे उघड सांगितले. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने त्यांना 'परकीय हस्तक' ठरवले. त्यांनी पद सोडले. पुतिन यांचे भाषण त्यानंतर महिन्याभराच्या आत झाले.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणीच्या पाण्याचा प्रसंग सविस्तर मांडला आहे. कोलियांशी युद्धाचा ठराव शाक्य संघात आला, सिद्धार्थाने उभे राहून विरोध केला आणि मतदानात तो हरला. किंमत मोठी मोजली, घर सुटले. पण त्या सभेत निदान विरोधी बाजू मांडली गेली, मते घेतली गेली. मॉस्कोच्या सभागृहात फक्त टाळ्या होत्या.

२९ फेब्रुवारी २०२४ च्या भाषणात पुतिन यांनी २०३० पर्यंत गरिबीचे प्रमाण ७ टक्क्यांखाली आणू असे सांगितले. बुर्यातियातल्या तरुणाला कंत्राटावर सही करायला लावते ती हीच गरिबी. ती खरेच गेली तर भरतीच्या रांगेत कोण उभे राहणार, यावर दोन तासांच्या भाषणात एक शब्दही नव्हता.