जुन्या कॉम्प्युटरला द्या नवे काम: घरच्यांच्या आरोग्याची नोंदवही

"डॉक्टर, रिपोर्ट घरीच राहिले, पण सगळे नॉर्मल होते." ओपीडीत बसणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य नवीन नाही. तितकेच नेहमीचे दुसरे वाक्य म्हणजे, "बीपीची एक छोटी पांढरी गोळी चालू आहे." छोट्या पांढऱ्या गोळ्या बाजारात शेकडो आहेत. तिसरा प्रकार म्हणजे भलीमोठी प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात वीस वर्षांचे कागद असतात, पण कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा हे शोधण्यातच तपासणीचा अर्धा वेळ जातो.

मित्रहो, यावर माझे मत अगदी साधे आहे. तुमच्या आजारपणाचा इतिहास नीट सांभाळण्याचे काम तुमचे स्वतःचे आहे आणि त्यासाठी महागडे काही लागत नाही. मुलांनी नवा लॅपटॉप घेतल्यावर कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेला जुना कॉम्प्युटर आणि त्यावर चालणारा एखादा साधा डायरीसारखा प्रोग्रॅम एवढे पुरेसे आहे.

ही नोंद तुमच्याकडेच का हवी?

अनेकांची समजूत असते की आपली सगळी माहिती हॉस्पिटलमध्ये कायमची जपलेली असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांत दाखल झालेल्या रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले आहे. रुग्णाने मागणी केल्यास ते ७२ तासांत द्यावेत, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे १२ वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचे कागद आज मिळतीलच असे धरून चालता येत नाही. डिस्चार्ज कार्ड हाती पडले त्याच आठवड्यात त्याची नोंद करून ठेवली, तर पुढची धावपळ वाचते.

सरकारची 'आभा' ही १४ अंकी आरोग्य खात्याची योजना चांगली आहे, तुमचे खाते नसेल तर जरूर काढा. पण तुमच्या कपाटातले जुने कागद त्यात आपोआप जाऊन बसत नाहीत. शिवाय एखाद्या गोळीने तुम्हाला त्रास झाला म्हणून तुम्ही ती बंद केलीत, ही गोष्ट तुम्ही कुणाला सांगितलीच नसेल तर कुठल्याही सरकारी खात्यात ती सापडणार नाही.

एक आकडा मुका असतो

आता यातला वैद्यकीय मुद्दा समजून घ्या. लॅबच्या रिपोर्टवर आकड्यासमोर 'नॉर्मल'ची मर्यादा छापलेली असते. आपण तेवढे पाहतो आणि कागद घडी करून ठेवून देतो. पण समजा, एका गृहस्थांचे क्रिअॅटिनिन पाच वर्षांपूर्वी ०.७ होते, दोन वर्षांपूर्वी ०.९ झाले आणि आज १.२ आहे. बऱ्याच लॅबमध्ये पुरुषांसाठी १.३ पर्यंतचा आकडा नॉर्मल धरतात, म्हणून तिन्ही रिपोर्टांवर 'नॉर्मल' असेच दिसेल. तिन्ही आकडे एका ओळीत ठेवले की मात्र किडनीचे काम मंदावत असल्याची शंका येते. मग डॉक्टर लघवीची तपासणी सांगतात, साखर आणि रक्तदाब बघतात, आणि गुडघेदुखीसाठी मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांची चौकशी करतात.

हिमोग्लोबिनचेही तसेच. पुरुषाचे १५.५ वरून १३.२ वर आले तरी छापील मर्यादेनुसार ते ठीकच असते. पण ते का उतरले, पोटातून हळूहळू रक्त जात आहे का, हा प्रश्न विचारायला जुना आकडा समोर लागतो. वजनही याच यादीत येते. काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात ५ टक्के वजन उतरले, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो कमी झाले, तर तपासणी करून घ्यायलाच हवी. पॅन्ट सैल झाली म्हणून खूश होणाऱ्याला हे लक्षात येत नाही. वहीत ते दिसते.

प्रोग्रॅम कोणता?

कॅलेंडर, कामांची यादी, पत्ते व फोन नंबर आणि टिपणे या चार गोष्टी एका जागी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमला इंग्रजीत 'पर्सनल इन्फर्मेशन मॅनेजर' म्हणतात. कल्पना बरीच जुनी आहे. १९८४ साली बोरलँड कंपनीने 'साइडकिक' नावाचा असा प्रोग्रॅम काढला होता आणि तेव्हाच्या कॉम्प्युटरवर तो व्यवस्थित चालत असे. या कामाला मशीनची ताकद फारशी लागत नाही, हे यावरून समजेल.

विंडोजवर 'एसेन्शियलपीआयएम'ची मोफत आवृत्ती मिळते. जुन्या मशीनवर लिनक्स टाकून घेतले असेल तर 'ऑस्मो' हा त्याहून हलका प्रोग्रॅम आहे. दोन्हींना रोजच्या वापरासाठी इंटरनेट लागत नाही. हेही नको असेल तर विंडोजमधले नोटपॅड आहेच. त्यात एफ५ ही कळ दाबली की त्या क्षणाची तारीख आणि वेळ उमटते. पुढे लिहा, "सकाळी उपाशीपोटी साखर १३२." झाली नोंद.

चार कप्पे असे वापरा:

१. पत्ते: फॅमिली डॉक्टर, लॅब, औषधाचे दुकान, जवळचे २४ तास चालणारे हॉस्पिटल, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, आणि अडीअडचणीला धावून येणारे दोन शेजारी.

२. कॅलेंडर: पुढच्या तपासण्यांच्या तारखा. मधुमेह असेल तर एचबीए१सी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे तीन किंवा सहा महिन्यांनी, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी साधारण वर्षातून एकदा. गोळ्या संपण्याच्या आठ दिवस आधीची आठवणही इथेच लावा.

३. कामे: डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. घरी दहा सुचतात आणि केबिनमध्ये गेल्यावर एकही आठवत नाही, म्हणून सुचला की टाइप करून ठेवा.

४. टिपणे: घरातल्या प्रत्येक माणसाचे एक वेगळे टिपण.

टिपणात काय लिहायचे?

सर्वांत वर नाव, जन्मवर्ष, रक्तगट आणि कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे ते. त्याखाली आजार आणि ते सुरू झाल्याचे साल. मग ऑपरेशन, स्टेंट, पेसमेकर असे जे झाले असेल ते तारखेसह. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळकपणे वरच्या ओळीत हवी. अपघात झाला किंवा तातडीचे ऑपरेशन करायची वेळ आली, तर डॉक्टरांना ही गोष्ट आधी कळावी लागते.

औषधांत कंपनीच्या नावाबरोबर मूळ औषधाचे नाव लिहा. ते पाकिटावर बारीक अक्षरात छापलेले असते. किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि केव्हापासून, हेही लिहा. आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीच्या गोळ्या आणि कुणी आणून दिलेल्या पावडरीही वगळू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. बंद केलेली औषधे पुसून टाकू नका. त्यांच्यापुढे बंद केल्याची तारीख आणि कारण लिहा. "रॅमिप्रिल, कोरडा खोकला सुरू झाला म्हणून बंद", "अॅमलोडिपिन, पाय सुजले म्हणून बंद" अशा एका ओळीमुळे पुढच्या डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि तोच त्रास तुम्हाला पुन्हा भोगावा लागत नाही.

शेवटी आकड्यांची यादी. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहा म्हणजे नोंदी क्रमाने लागतात. लॅबचे नावही टाका, कारण दोन लॅबच्या आकड्यांत थोडा फरक पडू शकतो.

जुन्या मशीनच्या खोड्या

जुना कॉम्प्युटर वापरताना चार गोष्टी सांभाळायला हव्यात.

पहिली, घड्याळ. आतल्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा सीआर२०३२ नावाचा सेल असतो. तो संपला की मशीन दर वेळी सुरू करताना तारीख भलतीच दाखवते. मग तपासणीच्या आठवणी चुकतात आणि नोंदींवर चुकीचे साल पडते. सेल स्वस्त असतो आणि पाच मिनिटांत बदलून मिळतो.

दुसरी, मराठी अक्षरे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाचता येत नाही, म्हणून युनिकोडमध्येच लिहा. काही जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. आधी दोन ओळी लिहून, बंद करून, पुन्हा उघडून बघा. औषधांची नावे इंग्रजीत लिहिलेली बरी.

तिसरी, इंटरनेट. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षेची डागडुजी १४ जानेवारी २०२० ला थांबली. विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. असे मशीन या नोंदवहीपुरते ठेवायचे आणि इंटरनेटची वायर काढून टाकायची. त्यावर बँकेचे व्यवहार अजिबात करू नका.

चौथी, हार्ड डिस्क. जुनी डिस्क काही न सांगता एक दिवस बंद पडते. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि एक नातेवाइकांच्या घरी ठेवा. प्रोग्रॅममधला मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्येही काढून ठेवा, म्हणजे तो प्रोग्रॅम उद्या चालेनासा झाला तरी माहिती वाचता येईल.

जाता जाता ईसीजीबद्दल. तो बहुधा उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदावर असतो आणि काही वर्षांत फिका पडतो. त्याचा फोटो काढून याच कॉम्प्युटरवर ठेवा. छातीत दुखत असताना नव्या ईसीजीतला बदल आजचा की जुनाच, हे ठरवायला जुना ईसीजी फार उपयोगी पडतो.

"मोबाइल आहे की!"

हा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. मोबाइल सतत खिशात असतो. पण व्हॉट्सअॅपवरच्या फोटोंच्या ढिगात दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट शोधून बघा म्हणजे कळेल. फोन हरवतो, बदलतो, आणि माणूस बेशुद्ध असेल तर फोनचे कुलूप उघडणार कोण? फुकटच्या अॅपमध्ये भरलेली आजारपणाची माहिती पुढे कुठे जाते, हे आपल्याला समजत नाही. साठी ओलांडलेल्यांना मोठा पडदा आणि मोठी अक्षरे सोयीची पडतात, हे वेगळेच.

म्हणून दोन्हींचा उपयोग करा. सविस्तर नोंद कॉम्प्युटरवर ठेवा. त्यातून प्रत्येकाचा एका पानाचा सारांश छापून एक प्रत पाकिटात आणि एक घरात सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. मोबाइलच्या बंद पडद्यावरही दिसू शकणारी तातडीची माहिती भरण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते. तीही भरून टाका. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांना हेच एक पान पाठवले तर रात्री-अपरात्री फोनवर औषधांची उजळणी करावी लागत नाही.

मात्र अति करू नका

नोंदवही म्हणजे चिंतेचे यंत्र होता कामा नये. तासातासाला रक्तदाब मोजणाऱ्याचा रक्तदाब त्या काळजीनेच वाढतो. डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसून मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. आकडे बघून गोळ्या स्वतःच कमी-जास्त करू नका. आणि छातीत दुखणे, दम लागणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे यांपैकी काहीही झाले तर आधी १०८ लावा. नोंद नंतर करता येईल.

सगळी पिशवी एका दिवसात उपसायला बसू नका, कंटाळून सोडून द्याल. येत्या रविवारी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या नावाने एक टिपण उघडा आणि फक्त चार गोष्टी लिहा: अॅलर्जी, आजार, चालू औषधे आणि बंद केलेली औषधे कारणांसह. पुढच्या भेटीला तेवढे एक पान छापून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. जुने रिपोर्ट सवडीने चढवता येतील.